चुंबकाची ओढ अडवायची म्हणजे नेमकं काय करायचं

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मुक्ताने विज्ञान प्रकल्पासाठी ‘दोन चुंबकांमधली ओढ कशाने अडते?’ हा विषय घेतला, हे वाचून फार आनंद झाला. विषय दिसायला सोपा आहे, पण त्यात एक मोठी खाच आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

चुंबकाची ओढ गिळून टाकणारा पदार्थ अस्तित्वातच नाही, हे आधी तिच्या मनात पक्कं होऊ दे. उत्तर ध्रुवातून निघालेली बलरेषा, म्हणजे चुंबकाच्या ओढीची दिशा दाखवणारी कल्पित रेषा, कुठून ना कुठून दक्षिण ध्रुवाकडे परतणारच. आपण फार तर तिला दुसरी, सोपी वाट काढून देतो, पाटाचं पाणी बांध घालून वळवावं तशी. ही सोपी वाट म्हणजे लोखंड. कागद, लाकूड, काच, प्लास्टिक, तांबं, ॲल्युमिनियम यांच्यातून बलरेषा जवळपास हवेतून जाव्यात तशाच जातात. लोखंडातून मात्र त्या हवेपेक्षा शेकडो पट सहज जातात, म्हणून पत्र्यात शिरल्या की पत्र्यातूनच आडव्या पळतात आणि पलीकडे फारशा पोचत नाहीत. ओळखायची खूण अगदी साधी: ज्या पत्र्याला चुंबक चिकटत नाही, तो ओढही अडवत नाही. स्टीलची कितीतरी भांडी या परीक्षेत नापास होतात, तेव्हा प्रत्येक तुकडा आधी तपासून घ्या.

आता ती खाच. दोन चुंबकांच्या मध्ये लोखंडी पत्रा धरला, की प्रत्येक चुंबक त्या पत्र्याकडेच ओढला जातो. हाताला ओढ तेवढीच लागते, कधी जास्तही, आणि मुलं लिहून टाकतात की ‘लोखंडाने काही अडत नाही’. हे एकदा मुद्दाम करून बघा: एकमेकांना ढकलणारे दोन चुंबक समोरासमोर धरा आणि मध्ये जाड पत्रा घाला. ढकलणं नाहीसं होतं आणि दोन्ही चुंबक दोन बाजूंनी पत्र्याला जाऊन चिकटतात! माझ्या मते हे प्रात्यक्षिक प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीला ठेवावं. पण मोजमापासाठी दुसरा चुंबक नको. त्या जागी पेपरक्लिप घ्या. चुंबक नसताना ती त्या पत्र्याकडे ओढली जात नाही, म्हणून ती खरं सांगते.

मांडणी अशी. फेराइटचे, म्हणजे काळे, 25 मिमी व्यासाचे दोन-तीन चकती चुंबक एकावर एक ठेवा. पुस्तकांच्या दोन चळतींवर लाकडी पट्टी आडवी टाकून तिच्या खालच्या बाजूला ते चिकटपट्टीने घट्ट बसवा. क्लिपला शिवणाचा दोरा बांधून दोऱ्याचं दुसरं टोक खाली टेबलाला चिकटवा. दोरा इतकाच लांब ठेवा, की क्लिप चुंबकाखाली साधारण 10 मिमीवर ताणून तरंगत राहील. नाही तरंगली तर अंतर थोडं कमी करा. मग त्या फटीत एकेक तुकडा सरकवा: पुठ्ठा, प्लास्टिक, ॲल्युमिनियमचा कागद, तांब्याचा पत्रा. क्लिप ढिम्म हलणार नाही. शेवटी डब्याचा लोखंडी पत्रा घाला. क्लिप खाली पडली पाहिजे.

नाही पडली तर? तीच खरी मजेची जागा आहे, तिथे थांबा. पातळ पत्रा घातला की क्लिप पडण्याऐवजी टुणकन पत्र्यालाच चिकटू शकते. याचा अर्थ पत्रा भरला. लोखंडात मावणाऱ्या बलरेषांना मर्यादा असते, साधारण 2 टेस्ला (टेस्ला हे बलरेषांची दाटी, म्हणजेच चुंबकी क्षेत्र, मोजायचं एकक), आणि व्यवहारात 1.6 धरावी. त्याहून जास्त आलं की उरलेलं पलीकडे गळतं. ढोबळ हिशोब सांगतो: चुंबकाच्या तोंडाशी असलेलं चुंबकी क्षेत्र गुणिले त्याची त्रिज्या, भागिले 1.6 ची दुप्पट. फेराइटसाठी 0.1 टेस्ला आणि 12.5 मिमी धरले, तर जाडी येते सुमारे 0.4 मिमी. डब्याचा पत्रा यापेक्षा पातळ असतो, म्हणून दोन-तीन थर लागतात. त्याच आकाराच्या, पण कितीतरी जोरदार अशा निओडिमियम चुंबकाला 0.4 टेस्ला धरलं तर दीड मिलिमीटरच्या वर जावं लागतं. मुक्ताला एकेक थर वाढवत क्लिप कधी पडते ते नोंदवू दे. पदार्थांच्या यादीपेक्षा हा तक्ता मला जास्त मोलाचा वाटतो.

पत्रा हातात धरू नका. तो झपकन वर जाऊन चुंबकाला चिकटतो आणि अंतर बदलतं. लाकडी चौकटीवर चारी बाजूंनी पक्का बसवा. कडा धारदार असतात, त्यांवर चिकटपट्टी लावा. आकार चुंबकाच्या चार-पाच पट तरी हवा, म्हणजे 10 ते 12 सेंमी, कारण लहान तुकड्याच्या कडेवरून रेषा वळसा घालून येतात. वापरलेला पत्रा थोडाफार चुंबकही बनतो. दर वेळी त्याला सुटी टाचणी लावून बघा, उचलली तर तुकडा बदला. ॲल्युमिनियमची जाड पट्टी जोरात सरकवली, तर तीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि क्लिपला झटका बसू शकतो. पट्टी स्थिर झाली की तो परिणाम संपतो, म्हणून वाचन नेहमी स्थिर झाल्यावरच घ्या.

आकडे हवे असतील तर होकायंत्र घ्या. चुंबक त्याच्या पूर्वेला ठेवा, तोंड होकायंत्राकडे, आणि सुई 60 अंश वळेपर्यंत जवळ आणा. अंतर साधारण 15 सेंमी येईल. मग चुंबकापासून 3 सेंमीवर पत्रा उभा करा. सुई 30 अंशांवर आली तर क्षेत्र निम्मं झालं असं समजू नका. हिशोब कोनाच्या टॅन्जंटने होतो: 1.73 वरून 0.58, म्हणजे एक तृतीयांश. पत्रा पृथ्वीचं क्षेत्रही किंचित वाकवतो, तेव्हा चुंबक काढून नुसत्या पत्र्यासहचं वाचन आधी घेऊन ठेवा.

म्यूमेटलबद्दल विचारलं होतंस. हा एक मिश्रधातू. त्यात सुमारे 80 टक्के निकेल असतं आणि त्याचं काम कमजोर चुंबकी क्षेत्र अडवण्याचं. जोरदार चुंबकाजवळ ते लोखंडाच्या निम्म्यातच भरतं आणि वाकवलं की गुण जातो. या प्रकल्पाला ते नको. बलरेषा खरोखर बाहेर ढकलतो तो अतिवाहक, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणारा पदार्थ. माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी 1933 मध्ये हे दाखवलं, पण त्याला भलतीच थंडी लागते. तक्त्यात एका ओळीत उल्लेख पुरे.

निओडिमियम वापरलेच तर बोटं सांभाळा, आणि लहान मुलांपासून दूर ठेवा. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना ओढून जीवघेणी इजा करतात. फेराइटवर सगळं नीट होतं, तेव्हा मी तेच घ्यायला सांगेन.

पहिला तक्ता तयार झाला की पाठव. थर आणि अंतर दोन्ही त्यात लिहायला सांग.

तुझा,
अविनाश