एक्सलला भोकच नाही, आणि तुम्ही ते विचारलेच नाही

दिनांक : १० जून २०२४
त्रिमूर्तीनगर, नागपूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय : तुमच्या सल्ल्यावरून घेतलेला सायकल ट्रेनर माझ्या सायकलला न बसल्याने पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

११ मे रोजी मी तुमच्या संकेतस्थळावरून घरात सायकल चालवण्यासाठी एक मॅग्नेटिक ट्रेनर, म्हणजे मागचे चाक अडकवून सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड, मागवला. किंमत १४,९९० रुपये, सगळे पैसे आगाऊ भरलेले. खोका १६ मेला घरी आला. १९ मेला सकाळी सव्वासहा वाजता मी त्या ट्रेनरवरून सायकलसकट पडले. त्यानंतर तुमच्या तीन प्रतिनिधींशी फोनवर बोलले, चार ईमेल पाठवले, आणि ३ जूनला तुमचे शेवटचे उत्तर आले : "चुकीचे उत्पादन निवडणे ही ग्राहकाची जबाबदारी असल्याने परतावा देता येणार नाही." हे पत्र त्या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहिते आहे.

निवड मी केलेली नाही, तुम्ही केली. ती कशी केली ते सांगते.

मी शाळेत गणित शिकवते, वय ५२. गेली दोन वर्षे सकाळी सायकल चालवते. घरून प्रतापनगर, अंबाझरी, फुटाळा आणि परत. रक्तातली साखर काठावर आहे, म्हणून डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे की खंड पाडू नका. पण नागपूरचा मे महिना तुम्हाला माहीत नसावा. साडेसातलाच ऊन पाठीवर येऊन बसते, आणि पहाटे पाचला निघायचे तर फुटाळ्याकडची कुत्री आपली वाट बघत असतात. पुढे पावसाळ्यात खोदलेल्या रस्त्यांवरून चिखल तुडवण्याचीही हौस नाही. म्हणून घरातच सोय करावी असे ठरवले.

मला यातले काही कळत नव्हते, आणि तसे मी तुमच्या चॅटवरच्या सल्लागाराला पहिल्याच ओळीत लिहिलेही होते. ते संभाषण सोबत जोडले आहे. तुमच्या "योग्य ट्रेनर निवडा" या पानाने मला चार प्रश्न विचारले. चाकाचा आकार किती? ७००सी (साधारण २८ इंची). वजन किती? तेही खरे सांगितले. बजेट किती? पंधरा हजारांच्या आत. आणि चौथा, "तुमचे ध्येय काय?", त्याखाली वजन कमी करणे, शर्यतीची तयारी आणि मौज असे तीन पर्याय. मी मौजेवर टिचकी मारली. लगेच हिरवी खूण आली, "हा ट्रेनर तुमच्या सायकलला १०० टक्के योग्य आहे." खात्रीसाठी मी चॅटवर पुन्हा विचारले, सायकलचा मागचा फोटोही पाठवला. सल्लागाराने लिहिले, "हो मॅम, २६ ते २९ इंच सगळ्या चाकांना बसतो, बिनधास्त घ्या."

घेतला.

आता हा ट्रेनर सायकलला कसा धरतो ते पाहा. मागचे चाक जागेवरच राहते. एक्सलची, म्हणजे चाकाच्या मधल्या आसाची, दोन्ही टोके ट्रेनरच्या दोन वाट्यांत अडकवायची, चाकी फिरवून आवळायची, आणि खालचा रोलर टायरला टेकवायचा. वाट्यांत नीट बसावे म्हणून खोक्यात एक जाड पोलादी स्क्युअर, म्हणजे एक्सलमधून आरपार घालायचा दांडा, दिलेला असतो. सायकलचा स्वतःचा क्विक रिलीज, म्हणजे पान्याशिवाय चाक सोडवायचा खटक्याचा दांडा, काढून त्याच्या जागी हा घालायचा. तुमच्या माहितीपत्रकातली पहिली पायरी हीच आहे. पण हे सगळे मला आता कळते आहे. तेव्हा मी त्या स्क्युअरकडे आणि माझ्या सायकलच्या मागच्या चाकाकडे आळीपाळीने बघत बसले होते. माझ्या चाकाला क्विक रिलीजची दांडी नाही. दोन्ही बाजूंना मोठे नट आहेत, पंधरा नंबरच्या पान्याने खोलणारे.

१६ तारखेलाच संध्याकाळी मी तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. तिकडून सांगितले, "मॅम, स्क्युअर राहू द्या. नटांवरच वाट्या लावा आणि जरा जास्त घट्ट करा." मी घट्ट केले. आमच्या ह्यांनीही जोर लावून पाहिला.

तीन दिवस चालवले. त्या तीन दिवसांबद्दल थोडक्यात, कारण मुख्य तक्रार ती नाही. पानावर "आवाजविरहित" असे लिहिले होते. माझ्या सायकलचे टायर नक्षीदार, जरा जाड आहेत, आणि असे टायर रोलरवर फिरले की पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखे वाटते. दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात अडवून विचारले, "पहाटे पहाटे काय दळता हो?" फरशीवर काळ्या रबराची भुकटी पडली, ती वेगळीच. गुळगुळीत टायर लागतो, हे कुणीतरी सांगायला हवे होते. पानावरचा "स्मार्ट रेडी" हा शब्दही असाच. मला वाटले, सायकलिंगच्या ॲपमधल्या रस्त्यावर चढ आला की पायाला आपोआप जड जाईल. तसे होत नाही. चढ आला की हँडलवर बांधलेला खटका आपणच हाताने ओढायचा, जडपणाच्या सहा पायऱ्यांपैकी एक. "रेडी" म्हणजे वेगाचा सेन्सर तुम्ही वेगळा विकत घेऊन लावू शकता, एवढाच अर्थ. शब्दाशी खेळणे म्हणतात ते हेच. पण हे मी सहन केले असते.

१९ मेला, रविवारी, खटका चौथ्या पायरीवर ठेवून मी उभी राहून पेडल मारत होते. डावीकडून टक् असा आवाज आला आणि मागचे चाक वाटीतून सुटले. सायकल उजवीकडे कलली. मी कूलरच्या स्टँडवर आपटले. गुडघा दोन आठवडे सुजलेला होता, एक्स-रेत हाड शाबूत निघाले. कूलरचा एक पाय वाकला. ट्रेनरच्या डाव्या वाटीची कड चेपली आहे आणि तुमच्या "जरा जास्त घट्ट करा"मुळे नटाचे कोपरे झिजले आहेत. फोटो जोडले आहेत.

दुसऱ्या दिवशी सायकल बर्डीवरच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली, सोबत तुमचा स्क्युअरही. त्याने एका बाजूचा नट खोलला, कपड्याने एक्सलचे टोक पुसले आणि माझ्यासमोर धरले. "ताई, हे बघा. याच्यात भोकच नाही ना! भरीव आहे पूर्ण. हा दांडा जाईल कुठून?" मग मागच्या एका दुसऱ्या सायकलचा क्विक रिलीज काढून दाखवला. तो एक्सल पोकळ, आरपार उजेड दिसणारा. त्यातून स्क्युअर सरळ गेला. मला समजायला दहा सेकंद लागले. हीच गोष्ट तुमच्या पानाला एका प्रश्नात विचारता आली असती : तुमच्या मागच्या चाकाला नट आहेत की खटक्याची दांडी? मी पाठवलेल्या फोटोत तो नट स्पष्ट दिसतो आहे. एवढ्या मोठ्या नटाकडे न बघता "बिनधास्त घ्या" लिहिणाऱ्याला मी तरी पास केले नसते.

मेकॅनिकने आणखी एक सांगितले, तेही तुमच्या उपयोगाचे आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या कितीतरी गियरच्या सायकलींना असाच भरीव, नटांचा एक्सल असतो. म्हणजे माझी सायकल काही जगावेगळी नाही. अशा एक्सलसाठी वाटीत बसणारे खास आकाराचे नट मिळतात. ते तुम्ही विकत नाही. तो म्हणाला, "पाहिजे तर हबमधला (चाकाच्या मधल्या भागातला) एक्सलच बदलून पोकळ टाकून देतो." पण चांगली चालणारी सायकल मी का उघडायची? ट्रेनर सायकलसाठी घेतला होता, सायकल ट्रेनरसाठी नव्हे.

यानंतरचा तुमचा प्रतिसाद पडण्यापेक्षा जास्त लागला. २० मेला मी परताव्याची मागणी नोंदवली. तुमची मुदत सात दिवसांची, म्हणजे २३ मेपर्यंत. दोन मिनिटांत यंत्राने पाठवलेली पोच आली. मग चार दिवस सामसूम. २४ मेला फोन आला की मुदत संपली आहे, आणि शिवाय वस्तू वापरलेली आहे. अहो, न वापरता ती बसते की नाही हे कसे कळणार? त्याच फोनवर तुमच्या प्रतिनिधीने उपाय सुचवला : "मॅम, डायरेक्ट ड्राइव्ह घ्या ना, त्यात हा प्रॉब्लेमच येत नाही." किंमत ३८,९९० रुपये.

तोपर्यंत मी थोडे वाचले होते, म्हणून विचारले की त्याला माझे गियर बसतील का. उत्तर आले, "हो हो, सगळे बसतात." बसत नाहीत. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मागचे चाक काढून ठेवायचे आणि साखळी थेट ट्रेनरवरच्या दात्यांच्या चक्रांवर चढवायची. त्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, तुमच्या त्या ट्रेनरसोबत येतच नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तसे लिहिले आहे. माझ्या सायकलला मागे सात चक्रे आहेत, तीही हबवर आट्यांनी घट्ट केलेली जुन्या पद्धतीची. ती काढून ट्रेनरवर लावता येत नाहीत. सात चक्रांची कॅसेट वेगळी घ्यावी लागेल, तिच्यामागे रिकामी जागा भरायला चकती लागेल, आणि रोज सकाळी चाक काढायला पंधरा नंबरचा पाना हाती धरावा लागेल तो वेगळाच. म्हणजे पहिल्यांदा न विचारता विकले, दुसऱ्यांदा विचारल्यावरही चुकीचे सांगितले. यात कसब नसेल तर नसो, निदान "बघून सांगतो" एवढे तरी म्हणावे.

पुढच्याच आठवड्यात, ३० मेला, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले. देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासणी केली आणि यंत्रातच बिघाड होता असे जाहीर केले. तुमच्या हिरव्या खुणेबद्दल तुम्हालाही तेवढेच करता आले असते.

आता कायद्याचे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२० चे ई-कॉमर्स नियम मी वाचले आहेत. जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेली वस्तू विक्रेत्याला परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे हे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याचे काम आहे. माझी पहिली तक्रार २० मेची, म्हणजे महिना २० जूनला पुरा होतो. तुमच्या पानावरचे "१०० टक्के योग्य" हे वाक्य मी स्क्रीनशॉट काढून ठेवले आहे, तारीख-वेळेसह. पान तुम्ही बदलले तरी ते माझ्याकडे राहील.

माझी मागणी अशी आहे. १४,९९० रुपये पूर्ण, मूळ खात्यात, कुपन किंवा "पुढच्या खरेदीत सवलत" या रूपात नव्हे. ट्रेनर घरून तुम्ही न्यावा, तुमच्या खर्चाने. खोका जड आहे आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. एक्स-रेचे ४५० आणि कूलरच्या वेल्डिंगचे २०० रुपये मी मागत नाही, पण गरज पडली तर मागेन, पावत्या जपून ठेवल्या आहेत. आणि निवडीच्या पानावर पाचवा प्रश्न घालावा : मागचा एक्सल नटांचा की क्विक रिलीजचा, शेजारी दोन फोटो. हे काम तुमच्या माणसाचे अर्ध्या दिवसाचे असेल. माझ्या आधी ज्या ग्राहकांनी नटांच्या सायकलसाठी हा ट्रेनर घेतला त्यांनाही कळवावे, कारण त्यांच्यातल्या कुणी तरी आज "जरा जास्त घट्ट" करून पेडल मारत असेल.

२० जूनपर्यंत पैसे जमा झाले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन, आणि पुढे ऑनलाइन नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे तुमचे कार्यालय कुठे आहे याने मला फरक पडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही.

ट्रेनर सध्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आहे, त्यावर वाळायला टाकलेले टॉवेल आहेत. नेणाऱ्या माणसाला सकाळी दहाच्या आधी पाठवा, नंतर उन्हात त्याचे हाल होतील.

आपली,
एक ग्राहक
(ऑर्डर क्रमांक व भ्रमणध्वनी सोबतच्या बिलावर आहेत)

सोबत : बिल, चॅटची प्रत, निवडीच्या पानाचा स्क्रीनशॉट, सायकलचा पाठवलेला मूळ फोटो, चेपलेल्या वाटीचे व झिजलेल्या नटाचे फोटो