दिन्यास पत्र

दिन्या,

तुझे मेसेज पाहिले, उत्तर दिलं नाही. रागावला असशील, रागाव. फोनवर बोलता येत नाही. आबा बाजूलाच बाजेवर असतात अन् त्यांचे कान अजून शाबूत आहेत. म्हणून कागद. मी बरा, आईचे गुडघे तसेच.

आबांच्या हृदयाची अँजिओग्राफी नागपूरला झाली. ब्लॉक नुसत्या चरबीचा नाही, कॅल्शियमचा. डाय सोडायच्या आधीच पडद्यावर नस उमटलेली दिसत होती. डॉक्टर म्हणाले, नस उघडायचा साधा फुगा इथे फुगतच नाही, मधे दबून राहतो. तसाच स्टेंट, म्हणजे नस उघडी ठेवणारी जाळी, दामटला तर अर्धवट उघडेल, अन् त्यात पुढे गुठळी धरायची भीती. म्हणून आधी कॅल्शियम फोडायचं. एक उपाय रोटा: हिऱ्याची कणी बसवलेलं टोक, मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे. चुरा रक्तासोबत वाहून जातो. पण कधी तोच पुढे अडतो, क्वचित नस फाटते. दुसरा उपाय मुतखडा फोडतात तसल्या लहरींचा, त्या फुग्यातूनच सोडतात. तो सौम्य, पण महाग, अन् फुगा त्या सांदीतून जायला तर पाहिजे! नाही गेला तर आधी रोटाच. बायपास म्हणावं तर इतक्या वर्षांची शुगर, अन् क्रिएटिनिन 1.9, म्हणजे किडनीही थकलेली.

'ड्रिल' ऐकलं अन् आबा उठून बसले. "काळा दगड लागला का बोअरवाला मशीन उचलून चालला जाते, बिल मातर फुटानं लावते. दिन्याले इचार!" आता ते खापर माझ्यावर फोडू नको. बोअरची जागा दाखवायला नारळ तू फिरवला होतास.

खर्र्यातला चुना मात्र त्यांनी बंद केला. त्यानंच नस चुन्याची झाली म्हणतात. तंबाखू चालूच! अरे, चुन्यानं नाही, शुगरनं, किडनीनं, तंबाखूनं होते हे, सांगून थकलो.

धाकटा म्हणतो गोळ्यांवर ठेव. त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. वेचणीत वावरातच बसले तर? अन् टेबलावर काही झालं तर? आबा म्हणतात, दिन्या म्हणेल तर सही करतो. खरं सांगू, मलाही तुझ्याच तोंडून 'करा' ऐकायचं आहे. म्हणजे उद्या बरंवाईट झालं तर शिव्या दोघांत वाटून घेऊ.

तुझी बदली झाली का? वहिनींचा बीएडचा निकाल? पोरीला आशीर्वाद. कापूस अजून घरातच आहे, भाव पाहून काढीन.

रविवारी ये. खर्रा आणू नको, ते मागतील.

तुझा,
बाळ्या