संघ निवडणारी शीट

देवगड

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

गावच्या टेनिसबॉल स्पर्धेसाठी तुम्ही मुलं फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंतून कागदावरचा संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचा खेळ) लावताय आणि संघ निवडायला ऑप्टिमायझर, म्हणजे सगळ्यात जास्त गुणांचा संघ शोधून देणारं साधन हवंय, असं कळलं. लीग बिनपैशाची आहे म्हणून मनापासून लिहिते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली, ड्रीम११ नेही त्याच महिन्यात पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. तुमची वर्गणी बॉलला आणि चहाला लागेल तेवढीच राहू दे, बक्षिसाला नको.

नेटवरची तयार टूल्स बहुतेक अमेरिकन खेळांसाठी आहेत. ड्राफ्टकिंग्ज या अमेरिकन फँटसी कंपनीची संघाच्या एकूण किमतीवरची ५०,००० डॉलरची मर्यादा तुमच्या काय कामाची? एक्सेलमध्ये स्वतःच बनव. २२ जणांतून ११ निवडायचे ७,०५,४३२ प्रकार होतात, त्यात कर्णधार-उपकर्णधार धरले की ७,७५,९७,५२०. हाताने जमणार नाही, पण सॉल्व्हरला, म्हणजे अटी पाळून सर्वोत्तम उत्तर शोधणाऱ्या एक्सेलमधल्याच सोयीला, हे अवघड नाही.

प्रत्येक खेळाडूला एक ओळ दे. त्यात संघ, भूमिका, क्रेडिट (खेळाडूची लीगमधली किंमत) आणि अपेक्षित गुण भर. पुढे तीन रिकामे रकाने ठेव: संघात, कर्णधार, उपकर्णधार. २२ गुणिले ३ म्हणजे ६६ घरं. सॉल्व्हर २०० पर्यंत बदलती घरं घेतो, त्यामुळे चिंता नाही. या घरांना ‘बिन’ ही अट लाव, म्हणजे ती ० किंवा १ च राहतील. अट विसरलास तर ०.६३ खेळाडू निवडून येईल.

कमाल करायची बेरीज अशी: अपेक्षित गुण × (संघात + कर्णधार + ०.५ × उपकर्णधार). कर्णधाराचे गुण दुप्पट आणि उपकर्णधाराचे दीडपट, पण त्यातला एक पट ‘संघात’मध्ये आधीच मोजलेला असतो. इथे कर्णधारापुढे २ लिहिलंस तर कर्णधार तिप्पट होतो आणि शीट निमूटपणे चुकीचं उत्तर देते. अटी: एकूण ११, क्रेडिट १०० च्या आत, कर्णधार एक, उपकर्णधार एक, प्रत्येक ओळीत कर्णधार + उपकर्णधार ≤ संघात, शिवाय एका संघातले जास्तीत जास्त किती आणि भूमिकांचे किमान आकडे तुम्ही ठरवाल तसे. सॉल्व्हरमध्ये पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’ (अशा सरळ बेरजेच्या गणितांसाठीची) निवड. ऑप्शन्समध्ये पूर्णांकांची सूट (इंटिजर ऑप्टिमॅलिटी) मुळात १ टक्का असते, ती ० कर. नाहीतर सॉल्व्हर जवळपासच्या उत्तरावरच थांबतो.

खरं काम अपेक्षित गुणांच्या रकान्यात आहे. तू ज्याचा अंदाज चुकून फुगवलास, सॉल्व्हर नेमका त्यालाच उचलतो, कारण त्याला फक्त मोठा आकडा दिसतो. म्हणून थोड्या सामन्यांच्या सरासरीवर विसंबू नकोस, ती भूमिकेच्या सरासरीकडे ओढ. तीन सामन्यांत एखाद्याचे सरासरी ७० गुण असतील आणि सलामीवीरांची सरासरी ३५ असेल, तर (३×७० + ६×३५) ÷ ९, म्हणजे सुमारे ४७ धर. तो ६ म्हणजे भूमिकेच्या सरासरीला दिलेलं वजन, सहा सामन्यांएवढं. सामने वाढले की त्याचा परिणाम आपोआप कमी होतो.

सहा षटकांच्या सामन्यात सहाव्या क्रमांकाच्या माणसाला किती चेंडू मिळणार? आधी चेंडूंचा अंदाज कर, मग धावांचा. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटला की त्या दिशेने मारलेले उंच फटके मैदानातच पडतात. हे शीटला कळत नाही, तुला कळतं, तेव्हा दुपारच्या सामन्यात तसे मारणाऱ्यांचे गुण हाताने उतरव. गोलंदाजाचा आणि त्याच्यासमोर खेळणाऱ्या फलंदाजांचा दिवस सहसा एकत्र चांगला जात नाही. कर्णधार आणि उपकर्णधार असे एकमेकांविरुद्ध ठेवू नकोस.

दुसरा संघ हवा असेल तर पहिल्या अकरांच्या ‘संघात’ घरांची बेरीज ८ च्या आत ठेवणारी अट घालून पुन्हा चालव. अंतिम अकरा नाणेफेकीनंतरच कळतात, म्हणून न खेळणाऱ्यांचे गुण ० करून शेवटचा फेरा तेव्हाच मार. त्यांना नुसतं वगळलंस तर सूत्रांच्या ओळी सरकतात.

प्रत्येक सामन्यानंतर खरे गुण वेगळ्या रकान्यात उतरव आणि भूमिकेनुसार तफावत बघ. यष्टिरक्षकांचे अंदाज सतत खऱ्या गुणांच्या वर जात असतील, तर झेल-यष्टिचितचे गुण दोनदा मोजले गेलेत का ते आधी तपास. शीट मला पाठव, सूत्रं मी बघते.

तुझी,
आई