जनहिताच्या वकिलीला पहिली पाच वर्षे कोण पोसणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर विधी शिक्षणाविषयी जे मार्गदर्शन छापून येते, त्यात प्रवेश परीक्षा, राष्ट्रीय विधी विद्यापीठे आणि कंपन्यांतील पगार यांची भरपूर माहिती असते; जनहिताची वकिली, म्हणजे गरिबांची आणि नागरी हक्कांची प्रकरणे लढवणे, मात्र ‘सेवाभावी’ विद्यार्थ्यांसाठी म्हणून शेवटच्या दोन ओळींत उरकली जाते. माझ्या मते प्रश्न सेवाभावाचा कमी आणि पोटापाण्याचा अधिक आहे.

न्या. वि. म. तारकुंडे यांचेच उदाहरण घ्यावे. सासवडला १९०९ मध्ये जन्मलेले तारकुंडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयात शिकले, लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, पुढे चालती वकिली सोडून मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले आणि राजकारण सुटल्यावर पुन्हा मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले. तेथेच १९५७ पासून न्यायमूर्ती असताना १९६९ मध्ये त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’, ‘पीयूसीएल’ या लोकशाही व नागरी हक्कांसाठीच्या संघटनांची ज्या कामांमुळे त्यांचे नाव आज घेतले जाते ती कामे त्यानंतरची, म्हणजे साठीनंतरची आहेत. झोपड्या हटवण्याविरुद्ध मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या वतीने लढल्या गेलेल्या ऑल्गा टेलिस प्रकरणातही ते अर्जदारांच्या वकिलांपैकी एक होते. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने त्यात १९८५ मध्ये मान्य केले (झोपड्या हटवणे मात्र थांबले नाही, हेही सांगायला हवे).

साठीपर्यंत थांबण्याची चैन तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलीला परवडणारी नाही. पदवीनंतरची तीन किंवा बारावीनंतरची पाच वर्षे शिकून, सनद (वकिलीचा परवाना) घेऊन ती एखाद्या ज्येष्ठाकडे ज्युनिअर म्हणून लागते, तेव्हा बहुधा जाण्यायेण्याचा खर्चही सुटत नाही. कनिष्ठांना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने २०२४ मध्ये सुचवले खरे. पण ती केवळ शिफारस आहे, आणि ज्या ज्येष्ठाला स्वतःलाच गरीब पक्षकारांकडून फी मिळत नाही, त्याने ती पाळावी कशी?

मोफत कायदेविषयक साहाय्य ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९-अ नुसार शासनाची जबाबदारी आहे. तेव्हा हे साहाय्य देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांत नवोदित वकिलांसाठी निदान तीन वर्षांच्या सवेतन जागा राज्य शासनाने निर्माण कराव्यात, आणि त्यांना कच्च्या कैद्यांच्या जामीनअर्जांपासून वनहक्काच्या दाव्यांपर्यंतचे काम अनुभवी वकिलांच्या हाताखाली द्यावे.

आपला,
एक निवृत्त विधी प्राध्यापक, सातारा