नाझ बिल्डिंगमधल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच पावसाची चौकशी करता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्लीवरच्या आमच्या श्रवणसत्राची संहिता मी तुम्हाला पहिल्यांदा वाचून दाखवली, तेव्हा तिच्यात १९६० ते १९६८ या काळाला एकच वाक्य होतं. 'त्यानंतरची वर्षं सुमार सिनेमांत वाया गेली.' वाक्य चुकलंय असं तुम्ही म्हणाला नाहीत. चहाचा कप खाली ठेवून एवढंच विचारलंत, "आणि या वर्षांचा हिशेब कुठाय?"

लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये एका चित्रपट वितरकाच्या खातेवह्या लिहिण्यात तुमचा जन्म गेला. त्यामुळे हॉलिवूडचे करारही तुम्ही मला तिथल्याच भाषेत समजावलेत. एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी: चित्रपट चालो की पडो, एवढी रक्कम मिळणारच. खर्च वसूल झाल्यावर वर जमेल तो ओव्हरफ्लो, त्यात वाटणी. मग तुम्ही पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडलेत. १९५६ मध्ये निर्माता हॅल वॉलिसशी सात वर्षांचा करार. १९५७ मध्ये 'जेलहाउस रॉक'साठी एमजीएम स्टुडिओकडून अडीच लाख डॉलर आणि निम्मा नफा. १९६५ मध्ये 'टिकल मी'साठी साडेसात लाख आणि पुन्हा निम्मा नफा. ही शेवटची रक्कम देणारी अलाइड आर्टिस्ट्स ही कंपनी तेव्हा स्वतःच अडचणीत होती. म्हणून नवी गाणी ध्वनिमुद्रित करायचा खर्चही वाचवला आणि जुन्या एलपींवरची गाणीच चित्रपटात घातली.

त्या कागदावर बोट ठेवून तुम्ही जे सांगितलंत, ते मी वाचलेल्या कुठल्याच चरित्रातून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. नायकाचं मानधन आधीच ठरलेलं, प्रेक्षक बांधलेला. मग नफा वाढवायचा एकच मार्ग उरतो, उरलेला खर्च कापायचा. निर्माता सॅम कॅट्झमनने 'हॅरम स्कॅरम' या चित्रपटाचं चित्रीकरण तीन आठवड्यांच्या आत उरकलं, ते यामुळेच. गाण्यांचंही तेच. हिल अँड रेंज या प्रकाशनसंस्थेशी असलेल्या व्यवस्थेमुळे गीतकाराला रॉयल्टीतला वाटा सोडावा लागायचा. जो सोडील त्याचं गाणं आत. 'जेलहाउस रॉक' लिहिणारे लायबर आणि स्टोलर दूर गेले आणि कोळंबीवरची, स्पोर्ट्स कारमध्ये रुंबा नाचायला जागा नसल्याची गाणी एल्विसच्या गळ्यात पडली. 'फ्लेमिंग स्टार'मध्ये त्याने जवळजवळ न गाता अभिनय केला, तर गल्ला कमी. 'ब्लू हवाई'त चौदा गाणी, तर एलपी वीस आठवडे पहिल्या क्रमांकावर. स्टुडिओंनी यातून काय धडा घेतला असेल, ते खातेवही लिहिणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. मी इतकी वर्षं त्याला आळशी समजत होते, काका. मला त्याचं फार वाईट वाटलं.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. कपाटातून 'स्पिनआउट'ची एलपी काढलीत. चित्रपटात गाणी नऊच, तेवढ्यात तबकडी भरेना, म्हणून तीन वरची घातलेली. त्यातलं एक बॉब डिलनचं. पाच मिनिटांहून लांब, जवळजवळ कुजबुजत गायलेलं. तुम्ही सुई ठेवलीत आणि खिडकी लावून घेतलीत, रस्त्याचा आवाज नको म्हणून. गाणं संपल्यावर आपण दोघंही बराच वेळ बोललो नाही. मग 'क्लॅमबेक' लावलीत, तिच्यावरही असंच वरचं म्हणून टाकलेलं 'गिटार मॅन' ऐकवण्यासाठी. १९६८ च्या डिसेंबरात एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीवरच्या ज्या कार्यक्रमाने तो पुन्हा प्रकाशात आला, त्याचा कणा हेच गाणं. मी जी एलपी हातातसुद्धा घेणार नव्हते, तिच्यावर ते वर्षभर आधीपासून होतं.

सत्राचा उत्तरार्ध मी नव्याने लिहिला. ते एक वाक्य गेलं आणि त्याच्या जागी पन्नास मिनिटं आली. तुमचे गुडघे दुखत होते म्हणून तुम्ही येऊ शकला नाहीत, तेव्हा एक गोष्ट सांगायलाच हवी. तुमच्या सांगण्यावरून 'फन इन अकापुल्को'मधलं 'मार्गरिटा' लावलं. (त्याच्या वाट्याचं मेक्सिकोतलं अकापुल्कोसुद्धा पॅरामाउंट स्टुडिओच्या आवारातच उभं केलं होतं, हेही सांगितलं.) चार ओळी झाल्या नाहीत तोच दुसऱ्या रांगेतल्या एक आजी रफींचं 'कौन है जो सपनों में आया' गुणगुणायला लागल्या. मग त्यांच्या शेजारच्या. मग अर्धी खोली. शंकर-जयकिशननी ती चाल १९६८ च्या 'झुक गया आसमान'साठी कुठून उचलली, हे मला तोंडाने सांगावंच लागलं नाही. मी सुई उचलली आणि त्यांना कडवं पूर्ण गाऊ दिलं.

तुमचे अकरा रविवार मी घेतले. काकूंनी दर वेळी न विचारता माझंही ताट वाढलं. तुमचा तो पाठकोरा कागद मी परत देणार नाही, तो माझ्या संहितेला टाचला आहे. एलपी मात्र सगळ्या पुसून, नव्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवल्या आहेत. 'स्पिनआउट'च्या वेष्टणाचा कोपरा आधीच फाटलेला होता, तो आतून चिकटवला आहे. येत्या रविवारी घेऊन येते. खिडकी तेवढी लावून ठेवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची