सुन्या, तो माझ्याकडे बघतच नव्हता

वाई, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. भेटल्यावर हव्या तेवढ्या शिव्या घाल. आज कड्यावर जे झालं ते घरात कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून तुला लिहितोय. तब्येत बरी, खांदा जुनाच.

वारा उत्तरेचा, मस्त लागलेला. पाचगणीच्या कड्याला धरून मी पॅराग्लायडरवरून वाईकडे येत होतो. डोंगर उजव्या हाताला, डावीकडे खाली धोमचं पाणी. समोरून एक लाल विंग आली, दुसरा पॅराग्लायडरवाला. डोंगर त्याच्या डाव्या हाताला, म्हणजे बाजूला व्हायचं त्यानं, उजवीकडे दरीवर निघून. मला उजवीकडे कडाच आहे, जाणार कुठे? दोघांचे ताशी 35-40 किलोमीटर धर. 200 मीटरवर दिसला तेव्हा हातात दहाच सेकंद होते. आणि ते लाल जागचं हलत नव्हतं, नुसतं मोठं होत होतं. हलत नाही म्हणजे टक्कर, हे हडपसरला उडायला शिकताना सरांनी आपल्याकडून किती वदवून घेतलं होतं!

डावीकडे काढावं, तर तो ऐनवेळी भानावर येऊन स्वतःच्या उजवीकडे वळायचा आणि दोघं एकाच जागी. सरळ धरून ओरडत राहिलो. त्याची मान खाली, एक हात खांद्यावरच्या वॉकीटॉकीवर. शेवटी मान वर झाली आणि वळला एकदाचा. त्याच्या हार्नेसच्या बकलाला गुंडाळलेली निळी चिकटपट्टी दिसली मला, इतक्या जवळून.

खाली उतरल्यावर पोरगा थरथरत होता. म्हणाला, "काका, मी रेडिओवर सांगितलं होतं, कड्याला लागून येतोय म्हणून." खरंच सांगितलं होतं रे! त्यांच्या ग्रुपच्या चॅनेलवर, खालच्या मास्तरांना. माझा चॅनेल वेगळा. एकदा बोलून टाकलं की आकाशातल्या सगळ्यांना कळलं, असं त्याला मनापासून वाटत होतं. ह्याचीच मला धास्ती बसलीय.

आता तू चरखी दादरी काढशील. 12 नोव्हेंबर 1996, दोन विमानं हवेत धडकली, 349 माणसं गेली. ढगात डोळे काय करणार होते, त्यानंतर टीकॅस, म्हणजे विमानातलं टकरीचा इशारा देणारं यंत्र, सक्तीचं झालं ते बरंच झालं, हे तुझं भाषण मला पाठ आहे. मान्य. पण तिथेही एका विमानाकडून 15,000 फुटांवर थांबायचं रेडिओवर कबूल झालंच होतं ना? तरी ते त्याच्या खाली उतरलं. आणि तुझ्या टीकॅसला ट्रान्सपॉन्डरवालाच दिसतो, म्हणजे सिग्नलला उत्तर देणारं यंत्र ज्याच्याकडे आहे तोच. आमच्या कापडांना तो कुठला!

मी रेडिओच्या विरुद्ध नाही, उगाच तसं पसरवू नकोस. टॉवर नसलेल्या धावपट्टीवर उतरायच्या फेरीत डाउनविंडला, म्हणजे पट्टीला समांतर, कोण, फायनलला, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, कोण, हे दोन शब्दांत सांगणारा मला फार आवडतो. त्यानं मान कुठे वळवायची ते कळतं. पण वळवायला तर हवी! ज्याची बॅटरी संपलीय तोही हवेत असतोच, फक्त गप्प. मोकळ्या आभाळात नजर नुसती फिरवली तर काही सापडत नाही, थोडं सरकून थांबायचं, परत सरकायचं. आपण बाहेर बघावं म्हणून सर अल्टिमीटरवर, उंचीच्या काट्यावर, रुमाल टाकायचे, आठवतंय? तू चिडून दोन दिवस त्यांच्याशी बोलला नव्हतास. मी तेव्हाही म्हणालो होतो, म्हातारा बरोबर आहे.

त्या ग्रुपच्या प्रमुखाला संध्याकाळी फोन केला. म्हणतो, "सगळ्या पोरांना रेडिओ दिलेत, अजून काय करायचं?" मी चिडलो, त्यानं ठेवून दिला. मला एवढंच हवंय की कड्यावर सगळ्यांचा एकच चॅनेल असावा, त्यावर गप्पा नकोत, आणि वळायच्या आधी त्या बाजूला बघितल्याशिवाय कुणी वळू नये.

माझं ते ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. एअरलाइनचा पायलट म्हटलं की पोरं वही काढतात. पुढच्या रविवारी ड्युटी नसेल तर ये. अर्धा तास बोल, टीकॅसवर बोललास तरी चालेल, पण रुमालाची गोष्ट सांग.

कमांडचं, कॅप्टन व्हायचं, काय झालं? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? चिनूला सायन्स मिळालं ना? वहिनींना सांग, स्ट्रॉबेरी अजून आंबट आहे, आली की पाठवतो.

शनिवारी रात्रीच मुक्कामाला ये. बुधवारपर्यंत कळव, म्हणजे त्या प्रमुखाला परत फोन करतो.

तुझा,
विन्या