अपडेट 'पूर्ण' झाल्याचा ईमेल आला, सर्व्हर मात्र जुन्याच आवृत्तीवर : तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
व्यवस्थापित डेटाबेस सेवा विभाग

विषय : पोस्टग्रेस्क्यूएल (डेटाबेस सॉफ्टवेअर) १७.६ चे अपडेट अर्धवट ठेवल्याबद्दल आणि डम्पमधली (डेटाबेसच्या बॅकअप फाइलमधली) सुरक्षेची ओळ काढून टाकायला सांगितल्याबद्दल.

महोदय / महोदया,

आमच्या डेटाबेसवर १७.६ चे अपडेट पूर्ण झाल्याचे आपण ईमेलने कळवलेत. ते पूर्ण झालेले नाही, याचे पुरावे पुढे दिले आहेत. पण त्यानंतरच्या तिकिटावर आपल्या सपोर्टने दिलेला सल्ला त्याहून घातक आहे, म्हणून आधी त्याविषयी.

१४ ऑगस्ट २०२५ च्या १७.६ मध्ये (आणि त्याच दिवशीच्या १६.१०, १५.१४, १४.१९, १३.२२ मध्ये) तीन सुरक्षा त्रुटी दुरुस्त झाल्या. त्यांतल्या सीव्हीई-२०२५-८७१४ आणि ८७१५ (सीव्हीई म्हणजे जाहीर सुरक्षा त्रुटीला दिलेला क्रमांक) या दोन्हींची तीव्रता १० पैकी ८.८ आहे, आणि दोन्ही डम्प तयार करणाऱ्या पीजी_डम्प या प्रोग्रामशी निगडित आहेत. ज्या सर्व्हरवरून डम्प घेतला तिथला सुपरयूजर (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) दुष्ट हेतूचा असेल, तर तो डम्पमध्ये पीएसक्यूएल या क्लायंट प्रोग्रामच्या मेटा-कमांड (उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या, पीएसक्यूएल स्वतः चालवतो त्या कमांड) घुसवू शकत असे. डम्प रिस्टोअर करताना (पुन्हा डेटाबेसमध्ये भरताना) त्या चालत, आणि चालत त्या रिस्टोअर करणाऱ्याच्या मशीनवर, त्याच्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या खात्याने. ८७१५ मध्ये हेच ऑब्जेक्टच्या नावात नवी ओळ घुसवून साधता येई.

उपाय म्हणून नवा पीजी_डम्प साध्या मजकुराच्या डम्पमध्ये सुरुवातीलाच '\रिस्ट्रिक्ट' आणि त्यापुढे यादृच्छिक अक्षर-अंकांची किल्ली लिहितो, आणि शेवटी त्याच किल्लीसह '\अनरिस्ट्रिक्ट'. या दोन ओळींच्या मधे नवा पीएसक्यूएल दुसरी कोणतीही मेटा-कमांड चालू देत नाही. म्हणजे संरक्षणाला दोन्ही बाजू नव्या लागतात, ओळ लिहिणारा पीजी_डम्प आणि ती पाळणारा पीएसक्यूएल.

आपण पुरवलेल्या क्लायंट इमेजमध्ये (क्लायंटच्या तयार सॉफ्टवेअर-संचात) पीएसक्यूएल अजून १७.५ आहे. त्याला ही कमांड माहीतच नाही, त्यामुळे तो 'इनव्हॅलिड कमांड \रिस्ट्रिक्ट' अशी एरर देतो. आमच्या रिस्टोअर स्क्रिप्टमध्ये 'ऑन_एरर_स्टॉप' (एरर आली की थांबा) चालू असते (ते असायलाच हवे, नाहीतर अर्धवट रिस्टोअर यशस्वी समजले जाते). त्यामुळे काम पहिल्याच कमांडला थांबले आणि डेटाबेस रिकामा राहिला. यावर आपल्या सपोर्टचे उत्तर आले : 'सेड वापरून ती ओळ आणि शेवटची तिची जोडीदार ओळ डम्पमधून काढून टाका आणि पुन्हा चालवा.'

सेड ही फाइलमधला मजकूर आपोआप बदलणारी कमांड. या सल्ल्याने एरर जाते हे खरे, पण ज्यासाठी अपडेट केले ते संरक्षणही त्याच ओळीबरोबर जाते. योग्य उत्तर एवढेच होते की क्लायंट इमेजमधला पीएसक्यूएल १७.६ करून देतो. तोवर तातडीची सोय हवीच असेल, तर कस्टम (साधा मजकूर नसलेल्या) फॉरमॅटमध्ये डम्प घेऊन पीजी_रिस्टोअरने थेट डेटाबेसमध्ये भरता येतो, त्या वाटेत पीएसक्यूएल येतच नाही. मात्र पीजी_रिस्टोअरने साधी स्क्रिप्ट काढून ती पीएसक्यूएलला दिली, तर धोका होता तिथेच राहतो.

आता अर्धवट अपडेटबद्दल. पुरावा आपल्याच बॅकअपमध्ये आहे. डम्पच्या शीर्षभागात एकाखाली एक दोन ओळी आहेत : डेटाबेसची आवृत्ती १७.५, पीजी_डम्पची आवृत्ती १७.६. 'शो सर्व्हर_व्हर्जन' विचारले तरी उत्तर १७.५ येते. 'पीजी_पोस्टमास्टर_स्टार्ट_टाइम' हे फंक्शन सर्व्हर सुरू झाल्याची जी वेळ देते, ती अपडेटच्याही आधीची आहे. म्हणजे डिस्कवरच्या फायली बदलल्या, पण सर्व्हर रिस्टार्ट केलाच नाही. मेमरीत जुनाच प्रोग्राम चालू आहे.

ही स्थिती अपडेट न केल्यापेक्षाही वाईट आहे. पोस्टमास्टर (सर्व्हरची मुख्य प्रक्रिया) जुना असला, तरी प्रत्येक नवे कनेक्शन पीएलपीजीएसक्यूएलसारखी (डेटाबेसमधली फंक्शने चालवणारी) लायब्ररी गरज पडेल तेव्हा डिस्कवरून उचलते, आणि डिस्कवर आता नवी लायब्ररी आहे. जुना सर्व्हर आणि नवी लायब्ररी अशी जोडी कोणी तपासलेली नसते. जेआयटीच्या (क्वेरी चालताना तिचे मशीन-कोडमध्ये भाषांतर करणाऱ्या) लायब्ररीचेही तेच. आणि सर्व्हरमधली तिसरी त्रुटी, सीव्हीई-२०२५-८७१३, तर अजून उघडीच आहे. ज्या ओळी पाहण्याचा अधिकार वापरकर्त्याला नाही, त्यांचे नमुने प्लॅनरच्या (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाच्या) आकडेवारीतून वाचता येतात, अशी ती त्रुटी. तिची तीव्रता कमी आहे, पण आम्ही शाखानिहाय डेटा रो-लेव्हल सिक्युरिटीने (ओळीनिहाय प्रवेश-नियंत्रणाने) वेगळा ठेवतो, त्यामुळे आमच्यासाठी ती किरकोळ नाही.

'रिस्टार्टमुळे सेवा खंडित होते' हे तिकिटावरचे कारण पटण्यासारखे नाही. आधी 'चेकपॉइंट' (मेमरीतले बदल डिस्कवर लिहिणारी कमांड) चालवून मग 'फास्ट' पद्धतीने रिस्टार्ट केला, तर बंद होताना डिस्कवर लिहायचे फार उरत नाही. चालू व्यवहार मात्र रद्द होतात, म्हणून वेळ आधी कळवायची. स्टँडबाय (राखीव सर्व्हर) असेल तर तो आधी अपडेट करायचा, मग मुख्य सर्व्हर, कारण नवी आवृत्ती जुन्या सर्व्हरचे वॉल (बदलांची नोंदवही) वाचू शकण्याची शक्यता उलट्या क्रमापेक्षा जास्त असते. पोस्टग्रेसची किरकोळ अपडेट्स फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी येतात, हे आधीच ठरलेले असते. देखभालीची वेळ वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवता येईल.

थोडे थांबून अपडेट करण्याला आमचा विरोध नाही. १४ नोव्हेंबर २०२४ च्या १७.१ मध्ये 'ऑल्टर रोल ... सेट रोल' ही कमांड बिघडली होती आणि एबीआय (संकलित प्रोग्रामांची एकमेकांशी जुळणारी रचना) बदलल्यामुळे टाइमस्केलडीबीसारख्या एक्स्टेन्शनना फटका बसला होता, म्हणून २१ नोव्हेंबरला १७.२ काढावी लागली. १३ फेब्रुवारी २०२५ च्या १७.३ मधली सीव्हीई-२०२५-१०९४ ची दुरुस्तीही सदोष निघाली आणि २० फेब्रुवारीला १७.४ आली. दोन्ही वेळा चूक आठवड्याच्या आत सुधारली गेली. तेव्हा एक आठवडा थांबणे समजू शकतो, त्यापुढे नाही.

१०९४ चा उल्लेख आणखी एका कारणासाठी. ती त्रुटी लिबपीक्यूमधल्या (प्रोग्रामला सर्व्हरशी जोडणाऱ्या लायब्ररीतल्या) एस्केप फंक्शनांची (मजकुरातली धोकादायक चिन्हे निष्प्रभ करणाऱ्या) होती, म्हणजे सर्व्हर अपडेट करूनही जुनी लिबपीक्यू वापरणारे अॅप्लिकेशन असुरक्षितच राहते. आपल्या रिपोर्टिंग कंटेनरमध्ये सायकोपीजी२-बायनरी हे पायथनचे पॅकेज आहे, आणि ते स्वतःची लिबपीक्यू बरोबर आणते. सिस्टिमची लिबपीक्यू बदलून तिथे काहीच फरक पडत नाही. 'सायकोपीजी२.एक्स्टेन्शन्स.लिबपीक्यू_व्हर्जन' हे फंक्शन चालवून आकडा पाहावा. १७.४ साठी तो १७०००४ असतो, आपल्या कंटेनरमध्ये १७०००२ (म्हणजे १७.२) येतो.

१७.६ च्या प्रकाशन टिपणात एक सूचना आहे, तिच्याविषयीही आपल्या ईमेलमध्ये अवाक्षर नाही. 'न्यूमेरिक_मिनमॅक्स_मल्टी_ऑप्स' वापरणारे ब्रिन इंडेक्स (टेबलच्या पानांच्या गटांचा सारांश ठेवणारे इंडेक्स) असतील, तर अपडेटनंतर ते रीइंडेक्स (पुन्हा तयार) करावेत. आमच्या व्यवहारांच्या टेबलवर असे दोन इंडेक्स आहेत. पीजी_इंडेक्स आणि पीजी_ऑपक्लास या कॅटलॉगमधून (डेटाबेसच्या अंतर्गत नोंदींतून) ते एका क्वेरीत सापडतात.

म्हणून आमची मागणी अशी. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत, आधी वेळ कळवून, सर्व्हर रिस्टार्ट करावा आणि त्यानंतरची सर्व्हर आवृत्ती व सुरू झाल्याची वेळ लेखी द्यावी. वरचे दोन्ही इंडेक्स रीइंडेक्स करावेत. क्लायंट इमेज आणि रिपोर्टिंग कंटेनर यांतले पीएसक्यूएल व लिबपीक्यू अद्ययावत करावेत. यापुढे फायली बदलल्यावर नव्हे, तर चालू सर्व्हरने नवी आवृत्ती सांगितल्यावरच 'पूर्ण' असे कळवावे.

आणि 'सेड'ने ओळ काढण्याचा तो सल्ला ज्या ज्या ग्राहकाला दिला असेल, त्याला आजच कळवून मागे घ्यावा. त्यांतल्या कोणी ती ओळ काढणारी स्क्रिप्ट रोजच्या रिस्टोअरमध्ये कायमची घातली असेल, तर पीएसक्यूएल नवा आल्यावरही ती ओळ कापली जात राहील, आणि एरर येत नसल्याने कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

कळावे,
आपला ग्राहक
(डेटाबेस प्रशासन विभागाकरिता)

सोबत : डम्पच्या शीर्षभागाची प्रत, 'शो सर्व्हर_व्हर्जन'चे उत्तर, सपोर्टच्या उत्तराची प्रत.